यजमान, लेखनिक आणि अनुल्लेख

'होस्ट' या शब्दाला मराठीत 'यजमान' म्हणावे असे कोश सांगतात. 'यज्' धातूचे हे वर्तमानकालवाचक धातुसाधित; स्वतःच्या फलासाठी यज्ञ करतो तो यजमान. पुढे यज्ञ मागे पडला आणि शब्द उरला. पुरोहिताला दक्षिणा देणारा तो यजमान, पाहुण्याला जेवू घालणारा तो यजमान, आणि नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या पिढीतल्या बायकांच्या तोंडी 'आमचे यजमान' म्हणजे नवरा. या साऱ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे. यजमानापाशी काहीतरी असते आणि देण्याचा अधिकारही त्याच्यापाशी असतो. संगणकीय साठवणुकीच्या, म्हणजे स्टोरेजच्या व्यवहारात मात्र ज्याला होस्ट म्हणतात त्याच्यापाशी स्वतःचे काहीच नसते. तो मागणारा असतो. देणारी पेटी वेगळीच, आणि त्या पेटीने कोणत्या यजमानाला काय दाखवावे याच्या याद्यांना 'होस्ट ग्रुप' किंवा 'होस्ट अॅक्सेस ग्रुप' म्हणतात.

आम्ही दोघे मराठीचे अधिव्याख्याते. या याद्यांशी आमचा संबंध यावा असे वरकरणी काही कारण नव्हते. तो आला जात्यावरच्या ओव्यांमुळे.

आमच्या विभागात आमच्या आधीच्या प्राध्यापकांनी 1996 पासून एक प्रघात पाडलेला होता. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजीच्या, चुलत आजीच्या, शेजारच्या म्हातारीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणायच्या. आधी कॅसेटी होत्या, 2008 च्या सुमारास हातात मावणारी डिजिटल यंत्रे आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 2017 पासून त्यांतील पुष्कळशा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वर वाचता-ऐकता येतात, तेही गायिकेचे नाव, गाव आणि छायाचित्र यांसह. आमचे काम त्याच्या पासंगालाही पुरणारे नव्हे. पण आमच्या संग्रहाची एक अडचण निराळी होती. आपली नात किंवा नातू ऐकतो आहे म्हणून म्हाताऱ्या ज्या मोकळेपणाने गायल्या, त्यात सासरच्या माणसांची नावे होती, दिराच्या मारहाणीच्या हकिकती होत्या, एका ओवीत तर विहिरीवर काय घडले ते गावाच्या नावानिशी होते. 'हे कालेजातच ठेव रे बाबा' असे त्या सांगत, आणि ते वाक्यही ध्वनिमुद्रित झालेले असे. विद्यार्थी 'हो' म्हणत. म्हणजे त्यांच्या वतीने विभागच 'हो' म्हणून बसलेला होता.

संस्थेने 2012 साली साठवणुकीची मोठी पेटी विकत घेतली. (मूल्यांकन समिती येणार होती, महाविद्यालयांतल्या बहुतेक यंत्रांची जन्मतिथी अशा समित्यांच्या आगमनावरून काढता येते.) लोखंडी कपाटाएवढी चौकट, तिच्यात ओळीने खोचलेल्या तबकड्या आणि त्यांचा कारभार पाहणारे दोन नियंत्रक, एक बंद पडला तर दुसऱ्याने काम चालवावे म्हणून. ही पेटी सगळ्या तबकड्यांची मिळून जागा एकत्र करते आणि मग शेताचे तुकडे पाडावेत तसे तिचे भाग करते. अशा एकेका भागाला 'लन' म्हणतात. 'लॉजिकल युनिट नंबर' याचे ते आद्याक्षरी रूप. परीक्षा विभागाला एक भाग, ग्रंथालयाला एक, लेखा विभागाला एक आणि ओव्यांना एक. प्रत्येक विभागाचा सर्व्हर काचतंतूंच्या केबलने आणि मधल्या स्विचमार्फत या पेटीला जोडलेला. सर्व्हरला मिळालेला भाग त्याला आपल्या पोटातलीच तबकडी वाटतो. ती प्रत्यक्षात दोन मजले खाली आहे आणि शेजाऱ्यांच्या तबकड्याही तिथेच आहेत, याचा त्याला पत्ता नसतो.

होस्ट हा शब्द उलटा का वापरतात, याचे उत्तर येथे मिळते. 1969 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्याविषयीचे पहिले टिपण निघाले, त्याच्या शीर्षकातच 'होस्ट सॉफ्टवेअर' असे शब्द होते. जाळ्याला जोडलेला, वापरणाऱ्यांना आपल्याकडे सामावून घेणारा संगणक तो होस्ट. तबकड्या तेव्हा त्या संगणकाच्याच दावणीला बांधलेल्या असत. पुढे तबकड्या निघून स्वतंत्र पेटीत राहायला गेल्या, पण संगणकाचे नाव काही गेले नाही. आपल्याला हे नवे नाही. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली. आडनावे आजही हजेरीपटावर आहेत. शिवाय इंग्रजी 'होस्ट'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'होस्पेस'चा अर्थ यजमान असाही होता आणि पाहुणा असाही. तेव्हा 'यजमान' हा प्रतिशब्द चुकला असेलच तर तो आपल्या कोशकारांमुळे नव्हे. मूळ शब्दालाच दोन तोंडे आहेत.

आता यादीकडे वळू. पेटीने सर्व्हर ओळखायचा कसा? त्याच्या विभागाच्या नावावरून नव्हे आणि पासवर्डावरूनही नव्हे. सर्व्हरमध्ये बसवलेल्या जोडकार्डाला कारखान्यातच एक नाव दिलेले असते. त्याला 'वर्ल्ड वाइड नेम' असे भारदस्त नाव आहे. हे नाव म्हणजे सोळा चिन्हे, शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरे यांतून घेतलेली, दोन-दोनच्या आठ जोड्यांत लिहिलेली. जगात दुसऱ्या कोणत्याही कार्डाला तेच नाव असू नये अशी व्यवस्था असते. होस्ट ग्रुप म्हणजे अशा नावांचा संच. एका सर्व्हरची दोन कार्डे असतील तर दोन नावे, आणि चार सर्व्हर मिळून एकच काम करत असतील तर त्यांची आठ नावे एका ग्रुपमध्ये. मग त्या ग्रुपला एखादा लन बहाल करायचा. निरनिराळ्या कंपन्या याच गोष्टीला निरनिराळी नावे देतात. हिताचीच्या पेटीत तो 'होस्ट ग्रुप', नेटअॅपच्या पेटीत 'इनिशिएटर ग्रुप'. ईएमसीच्या मोठ्या पेट्यांत कार्डांचा संच, पेटीच्या दारांचा संच आणि लनांचा संच असे तीन संच एकत्र बांधून होते ते 'मास्किंग व्ह्यू'. मास्क म्हणजे मुखवटा. आणि जे दिसते त्याला 'व्ह्यू' म्हणायचे. हा शब्द ज्याने योजला त्याला नाटकाची थोडी जाण असावी.

आमची पेटी बसवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने (तिचे नाव येथे नको) दुसऱ्या दिवशीची गाडी गाठायची म्हणून एकच ग्रुप केला. त्याचे नाव 'ऑल'. चारही सर्व्हरांची सगळी कार्डे त्यात आणि चारही लन त्या ग्रुपला बहाल. मधल्या स्विचवरही प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलण्याची मुभा. स्विचवरची ही मुभा एकेका सर्व्हरपुरती बेतण्याला 'झोनिंग' म्हणतात. तेही केलेले नव्हते. दोन वर्षे काहीही बिघडले नाही, कारण प्रत्येक विभाग आपापला लन तेवढा वापरत होता. बाकीचे तीन दिसत होते, पण त्यांना कोणी हात लावत नव्हते.

2014 च्या उन्हाळ्यात परीक्षा विभागाचा सर्व्हर नव्याने उभा करण्यात आला. त्यावर विंडोज होते, ओव्यांच्या सर्व्हरवर लिनक्स. आमच्या तबकडीवर विंडोजला ओळखीचे असे काही दिसेना. ओळखीचे दिसले नाही की विंडोज ती तबकडी कोरी समजते आणि विचारते, 'ही नवी तबकडी आहे, वापरासाठी तयार करू का?' तिथे बसलेल्या माणसाने 'हो' म्हटले. त्या जागी आम्ही असतो तरी हेच म्हटले असते. परीक्षेच्या निकालांच्या बॅकअप प्रती त्या 'नव्या' तबकडीवर रोज रात्री उतरू लागल्या. आणि ओव्यांचा सर्व्हर? तो चालूच होता. तबकडीचा नकाशा त्याने आपल्या स्मृतीत कधीच घेऊन ठेवलेला होता आणि त्या नकाशावर विसंबून तो वावरत होता. पायाखालची जमीन दुसऱ्याने नांगरली तरी याच्या हातातला सातबारा तसाच. काही दिवसांनी वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, आणि त्याने तबकडी ओळखण्याचेच नाकारले.

कॅसेटी शाबूत होत्या, त्यामुळे 2008 पूर्वीचे सारे परत उतरवता आले. नंतरच्यांपैकी काही मुद्रणे विद्यार्थ्यांच्या घरच्या संगणकांवर सापडली, काही तुकड्यातुकड्यांनी वाचवता आली. बाकीची गेली. ज्या यंत्रांच्या चिमुकल्या कार्डांवर ती होती ती कार्डे पुन्हा पुन्हा वापरली जात. आणि गाणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक तोवर वारलेल्या होत्या.

या प्रकारात कोणी चोर नव्हता. दोन प्रामाणिक लेखनिक एकाच पोथीवर लिहीत होते आणि दोघांनाही आपण एकटेच आहोत याची खात्री होती, एवढाच हा अपघात. पेटी या दोघांत मध्ये का पडली नाही, हा प्रश्न आम्हाला पडला आणि आम्ही तो नव्या सिस्टिम प्रशासकाला विचारला. तो आमच्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी, शास्त्र शाखेचा. तो म्हणाला, "सर, पेटीला वाचता येत नाही. तिला फाइल म्हणजे काय ते माहीत नाही, फोल्डर माहीत नाही. तिला फक्त आकडे घातलेले ठोकळे माहीत. अमुक आकड्याचा ठोकळा दे म्हटलं की देते, अमुक आकड्यावर हे लिही म्हटलं की लिहिते. त्या लिहिण्यानं काय पुसलं गेलं हे तिला कसं कळणार?"

पारंपरिक मापाप्रमाणे असा एक ठोकळा 512 बाइटचा. ओवीची एक ओळ गाताना लागणाऱ्या काही सेकंदांच्या आवाजाचे असे शेकडो ठोकळे होतात. त्यांतला कोणता कोणत्या म्हातारीचा हे सर्व्हरला ठाऊक, पेटीला नाही. फायलींचे ज्ञान वरच्या मजल्यावर आणि वस्तू तळघरात, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच दोन सर्व्हरांनी एक लन खरोखरच वाटून घ्यायचा असेल तर त्यांनी आपसांत बोलले पाहिजे. तसे बोलणाऱ्या फाइल-व्यवस्था असतात, व्हीएमवेअरची व्हीएमएफएस किंवा लिनक्सवरची जीएफएस2. त्या आपसांत कुलपे ठेवून चालतात. तेव्हा ग्रुपमध्ये अनेक सर्व्हर असणे हा काही दोष नव्हे. ती रीतच आहे, आणि एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांना तोच लन त्याच क्रमांकाने दिसावा यासाठीच ग्रुप करायचा असतो. घात होतो तो परस्परांशी न बोलणाऱ्यांना एका ग्रुपमध्ये घातले की.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे पाठभेद आठवणे अपरिहार्य आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि महानुभाव अनुयायांनी आपापल्या आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. त्यातून निरनिराळे पाठ निघाले आणि संशोधकांच्या पिढ्या त्यांची तुलना करत बसल्या. या कामाचा कंटाळा अनेकांना येतो, पण त्यात एक दिलासा आहे. अनेक हातांनी लिहिले की अनेक पाठ मागे राहतात, आणि दोन पाठ समोरासमोर ठेवले की मधली पडझड दिसते. ठोकळ्यांच्या दुनियेत पाठभेद नावाची गोष्टच नाही. दुसऱ्याने लिहिले की पहिले गेले. समासात टीप नाही, खाडाखोड नाही, 'येथे प्रत खंडित' असे म्हणायलाही काही उरत नाही.

पेटीची मांडणी नव्याने करायची ठरली तेव्हा प्रशासकाने आम्हाला बोलावले. याचे आम्हाला त्या वेळी नवल वाटले होते. आज वाटत नाही. "कोणत्या मशीनला काय दिसायला हवं ते तुम्ही सांगा, मी बसवतो," असे तो म्हणाला. आम्ही म्हटले, सोपे आहे: ओव्यांचा सर्व्हर लिहील, वाचनकक्षातला सर्व्हर नुसता वाचेल. त्याने मान हलवली. काही पेट्यांत 'केवळ वाचन' अशी मुभा देता येते, काहींत नाही. पण दिली तरी भागत नाही. वाचणाऱ्यानेही एकदा नकाशा वाचून स्मृतीत ठेवलेला असतो. लिहिणारा पुढे गेला की वाचणाऱ्याचा नकाशा जुना होतो आणि तो भलत्याच ठोकळ्याला ओवी समजून वाचतो. तेव्हा लन एकाच सर्व्हरला बहाल करायचा. इतरांना फाइल हवी तर त्यांनी त्या सर्व्हरकडे मागायची, किंवा रोज रात्री लनाची गोठवलेली छबी (ते तिला 'स्नॅपशॉट' म्हणतात) काढून ती वाचनकक्षाला द्यायची. एक पोथी, एक लेखनिक, बाकीच्यांना नक्कल.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद शेवटी दिली. ही ताकीद आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी ती आम्हाला भक्तीची वाटत आली. यंत्रखोलीतल्या त्या गारठ्यात प्रथमच असे वाटले की ती भक्तीची असेल तितकीच व्यवस्थापनाचीही आहे. पाठांतरांनी आणि नकलांनी ग्रंथ किती अशुद्ध होतो हे ज्याने शब्दाशब्दाने निस्तरले, त्याने लिहिण्याचा अधिकार बंद करून वाचण्याचा मोकळा ठेवला. सर्वांसाठी एकच 'ऑल' नावाचा ग्रुप त्यांनी केला नाही.

प्रत्यक्ष मांडणीला फार वेळ लागला नाही. 'ऑल' मोडला. आधी स्विचवर प्रत्येक सर्व्हरचे प्रत्येक कार्ड आणि पेटीची दारे यांचे वेगवेगळे झोन केले. मग पेटीत प्रत्येक सर्व्हरचा स्वतंत्र ग्रुप, त्यावर कोणती कार्यप्रणाली आहे त्याची नोंद, आणि मग लन. दोन कार्डे आणि दोन नियंत्रक, म्हणजे एका लनाकडे जाण्याचे चार रस्ते. रस्ते एकत्र करणारी प्रणाली सर्व्हरवर नसेल तर त्याला एकच तबकडी चार वेळा दिसते. (एकच व्यक्ती चार परिसंवादांत भेटावी तसे.) हे सारे त्याने एका दुपारी केले. वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला.

'कालेजातच ठेव' असे ज्यांच्याबाबत सांगितलेले होते, त्या ओव्यांचे काय? आम्ही त्यांच्यासाठी वेगळा लन मागितला. तो फक्त ओव्यांच्या सर्व्हरला दिसावा आणि वाचनकक्षाला मुळीच नाही, त्याच्या छब्याही नाहीत. प्रशासकाने ते केले आणि वाचनकक्षाच्या सर्व्हरवरून दाखवले. सर्व्हर सुरू झाला की पेटीला विचारतो, 'तुझ्यापाशी कोणकोणते लन आहेत?' पेटी आधी विचारणाऱ्याचे सोळा चिन्हांचे नाव पाहते, ते कोणत्या ग्रुपमध्ये आहे ते शोधते, आणि त्या ग्रुपपुरतीच यादी वाचून दाखवते. यादीत एकच नाव आले. 'दुसराही आहे पण तुला परवानगी नाही' असे पेटी म्हणाली नाही. तिने तो विषयच काढला नाही.

मराठीत यासाठी एक जुना वाक्प्रचार आहे: अनुल्लेखाने मारणे. एखाद्या कवीवर टीका करायची नाही, त्याला नाकारायचेही नाही. वाङ्मयेतिहासाच्या यादीत त्याचे नाव तेवढे घ्यायचे नाही. नकार मिळालेल्याला निदान भांडता तरी येते. ज्याचे नाव यादीतच नाही त्याच्या बाजूने भांडायला कोणी उभेच राहत नाही, कारण भांडण आहे हेच कोणाला कळत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधले, तेही बाहेरच्यांपासून राखण्यासाठीच. पण ती पोथी समोर ठेवली तर पोथी आहे हे दिसत असे. वाचता येत नसे इतकेच. आणि म्हणूनच पुढे संशोधकांना ती लिपी उलगडण्याची इच्छा झाली. मुखवट्यामागच्या लनाचे तसे नाही. तो वाचता येण्याजोगा असतो, दिसत मात्र नाही.

यंत्रासाठी ही रीत योग्यच आहे, हे आम्ही 2014 च्या उन्हाळ्यात पुरेशी किंमत मोजून शिकलो होतो. जे सर्व्हरला दिसत नाही त्यावर तो लिहूही शकत नाही. पण वाचनकक्षात येणारी संशोधक विद्यार्थिनी म्हणजे सर्व्हर नव्हे. तिच्या सूचीत त्या ओव्यांचा उल्लेखही नसेल, तर उद्या ती आपल्या प्रबंधात लिहील की या भागातल्या ओव्यांत मारहाणीचा विषय आढळत नाही. आणि आमच्या संग्रहाच्या आधारे तिचे विधान बिनचूक ठरेल.

यावरून आम्हा दोघांत जे मतभेद झाले ते पुष्कळ दिवस चालले. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की लन अदृश्य राहू दे, पण छापील सूचीत प्रत्येक मुद्रणाची नोंद हवीच: वर्ष, तालुका, विषय आणि पुढे 'ऐकण्यास विभागाची परवानगी आवश्यक'. दुसऱ्याचे म्हणणे, तालुका आणि विषय एवढे सांगितले की गावातल्या माणसाला बाई कोण ते कळते. दोनशे उंबऱ्यांच्या गावात विहिरीची एकच गोष्ट असते, आणि दिलेला शब्द मोडायला नाव घ्यावेच लागते असे नाही. आम्ही प्रशासकालाही विचारले. तो हसून म्हणाला, "हे माझ्या पॅनेलमध्ये नाही, सर." ते खरेच होते. पेटीत दिसणे आणि न दिसणे एवढ्या दोनच अवस्था आहेत. 'आहे, पण विचारून घ्या' ही तिसरी अवस्था माणसांनी कागदावरच तयार करायची असते. शेवटी नोंद ठेवली ती जिल्हा आणि दशक एवढीच सांगणारी, विषयांची यादी सर्व मुद्रणांची मिळून एकत्र देणारी. आमच्यातल्या दुसऱ्याला ती अजूनही जास्त वाटते. पहिल्याला अपुरी.

ग्रुपांची नावे ठरवण्याचे काम मात्र आम्ही हट्टाने मागून घेतले. पूर्वीच्या पेटीतली नावे 'ऑल', 'टेस्ट', 'न्यू' आणि 'न्यू टू' अशी होती. 'न्यू' दोन वर्षांचा झालेला होता. आम्ही नावे ठेवली ती कामावरून, माणसांवरून किंवा यंत्राच्या बनावटीवरून नव्हे: 'ओवी-लेखन', 'ओवी-वाचन', 'निकाल', 'लेखा'. पेटीच्या पटलावर देवनागरी चालत नव्हती म्हणून ती रोमन अक्षरांत लिहावी लागली आणि 'लेखा' व 'लेखन' यांत गोंधळ नको म्हणून लेखा विभागाला 'जमाखर्च' म्हणावे लागले. हे क्षुल्लक वाटेल. पण रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी अभियंत्याने पटल उघडले तर त्याच्यापुढे ही नावे असतील, बाकी काहीही नाही. तो लन कोणाला बहाल करायचा हे त्याला त्या एका शब्दावरून ठरवावे लागेल.

या व्यवस्थेवर फार विसंबूनही चालत नाही. काचतंतूंच्या जाळ्यात कार्डाने सांगितलेले नाव पेटी सहसा खरे मानते, पुरावा मागत नाही. आणि ते नाव बदलण्याच्या वैध सोयीही आहेत. साध्या नेटवर्कवरून चालणाऱ्या आयस्कझी या पद्धतीत तर होस्टचे नाव म्हणजे कोणालाही टंकता येईल असा मजकूर असतो. त्या नावाचा एक तपशील आम्हाला आवडला. त्यात वर्ष आणि महिना असतो, आणि तो यंत्राच्या जन्माचा नसून, नाव देणाऱ्या संस्थेकडे तो इंटरनेट-पत्ता ज्या काळी होता त्याचा असतो. पत्ते हातोहात फिरतात. उद्या तो दुसऱ्याकडे गेला तरी जुने नाव कोणाचे ते कळावे म्हणून ही मिती. सनदांवर शक आणि संवत्सर घालणाऱ्यांना हे पटले असते. या पद्धतीत पासवर्डासारखी गुप्त खूण मागण्याची सोय आहे. ती सुरू करावी लागते, आपोआप नसते.

शिवाय यादी जुनी होते. कार्ड जळाले आणि नवे बसवले की सर्व्हर तोच असूनही पेटीच्या लेखी तो परका होतो. नवे नाव ग्रुपमध्ये घालेपर्यंत त्याला काही दिसत नाही. ते घालण्याची घाई सर्वांना असते, जुने काढण्याची कोणालाच नसते. वारलेल्या आजोबांचे नाव रेशनकार्डावर राहावे तसे ते राहते. आणि ते जळालेले समजलेले कार्ड कोणी दुरुस्त करून भलत्याच संगणकात बसवले, तर त्या संगणकाला पहिल्याच विचारणेला ओव्या दिसतील.

जुनी पेटी 2021 मध्ये बदलली. मांडणी तीच ठेवली. दरवर्षी जूनमध्ये, प्रवेशांची गर्दी सुरू होण्याआधी, आम्ही तिघे बसून ग्रुपांची यादी मोठ्याने वाचतो. प्रशासक नाव वाचतो, ते कार्ड पेटीशी शेवटचे केव्हा बोलले ते सांगतो आणि आम्ही वहीत टिचकी मारतो. या जूनमध्ये तीन नावे अशी निघाली की ज्यांना वर्षभरात कोणी उत्तर दिलेले नव्हते. दोन जळालेल्या कार्डांची होती, ती काढली. तिसरे 'निकाल' ग्रुपमधले आहे. ते परीक्षा विभागाच्या मोडीत काढलेल्या जुन्या यंत्राचे असावे असा अंदाज आहे. पण ते यंत्र भंगारात कोणाकडे गेले याची पावती सापडत नाही. सध्या त्या कार्डाचा स्विचवरचा रस्ता बंद करून ठेवला आहे आणि पावतीसाठी कार्यालयाला पत्र दिले आहे.